अकरा परतपत्रं: दोन चुलींचं नाटक उभं करतानाच्या नोंदी

२२ जून

लावणी तोंडावर आहे, त्यामुळे तालमी आत्ता शक्य नाहीत. पावसाळ्यात संहिता आणि पत्रांची सामग्री, दसऱ्यानंतर नेपथ्य, भातकापणी उरकली की तालमी, असं वेळापत्रक ठरलं. पहिला प्रयोग नोव्हेंबरच्या अखेरीस, देवळासमोरच्या उघड्या रंगमंचावर. दोन अंक, एकूण एक तास पन्नास मिनिटं. ध्वनिवर्धक रात्री १० ला बंद करावा लागतो म्हणून पडदा साडेसातला उघडायचा, मध्यंतर दहाच मिनिटांचं.

गोष्टीचा गाभा असा. सावंतवाडी तालुक्यातलं घर. आबा सत्तरी पार केलेले गिरणी कामगार, आई त्यांच्याहून चार वर्षांनी लहान. दोघं एकाच घरात राहतात, पण घरात चुली दोन: आईची माजघरात, आबांची पडवीत. चाळीस वर्षं झाली. आईच्या मते मुंबईच्या गिरणी संपात आबांनी तिला वाऱ्यावर सोडलं. आबा म्हणतात, मी पत्रं लिहिली होती. आईचं एकच उत्तर: "तुमी लिवल्यात तर पत्रां गेली खय?" मुंबईतली गावकऱ्यांची खोली पुनर्विकासात रिकामी होते, गावकऱ्यांच्या मंडळाची ट्रंक गावी येते आणि तीत झांजा, पावती पुस्तकं यांच्याखाली अकरा न उघडलेली आंतर्देशीय पत्रं निघतात.

एक अट पहिल्याच दिवशी लिहून ठेवली आहे: पत्रं कुणी लपवलेली नाहीत. दुष्ट सासू, मत्सरी जाऊ, लाचखाऊ पोस्टमन यातलं कुणीही नाही. एकदा दोषी माणूस सापडला की प्रेक्षकाचा राग त्याच्यावर जातो आणि आई-आबांमधली चाळीस वर्षं आपोआप माफ होऊन जातात. ती अशी माफ होता कामा नयेत. त्यांना एकमेकांशीच बोलावं लागलं पाहिजे.

२९ जून

कुणी लपवली नाहीत, मग पत्रं हरवली कशी? "टपालात गहाळ झाली" म्हणून भागत नाही. एखादं पत्र गहाळ होतं, अकरा होत नाहीत. अकराही पत्रांना लागू पडेल असं एकच कारण हवं.

ते पत्त्यातच मिळालं. तळवडे नावाचं गाव सावंतवाडी तालुक्यात आहे तसं राजापूर तालुक्यातही आहे. १ मे १९८१ ला रत्नागिरी जिल्ह्याचं विभाजन होऊन सिंधुदुर्ग वेगळा झाला. गिरणी संप सुरू झाला १८ जानेवारी १९८२ ला, म्हणजे नऊ महिन्यांच्या आत. आबांनी जन्मभर आपला जिल्हा रत्नागिरीच म्हटलेला. तिसरी शिकलेल्या माणसाने स्वतःच्या हाताने पत्ता लिहिला तर तो काय लिहील? "मु. पो. तळवडे, जि. रत्नागिरी." तालुका नाही, पिनकोड नाही. विभाजनाआधी असं पत्र आलं असतं तर दोन तळवड्यांपैकी कुठलं, असा प्रश्न तरी पडला असता. विभाजनानंतर रत्नागिरी जिल्ह्यात त्या नावाचं गाव राजापुरात आहे, तेव्हा पत्र तिकडेच जाणार.

मग संपाआधी पैसे बरोबर कसे पोचत होते? मनिऑर्डरचा फॉर्म खोलीतला लिहिता-वाचता सोबती भरायचा, तालुक्यासकट. संपाच्या तिसऱ्या आठवड्यात तो गावी निघून गेला आणि त्यानंतर आबा स्वतः लिहू लागले. हा सोबती रंगमंचावर येत नाही, पण पहिल्या अंकात त्याचा उल्लेख दोनदा हवा. एकदा आला तर प्रेक्षक विसरतो.

पिनकोडची एक गंमत संवादात घेतली आहे. पिन १५ ऑगस्ट १९७२ पासून आहे, पण संपाच्या काळातही पुष्कळ लोक तो लिहीत नसत. शिवाय सावंतवाडीचा ४१६५१० आणि राजापूरचा ४१६७०२, पहिले तीन आकडे तेच. आई-आबांची नात हे जुळवून बघते तेव्हा तिलाही आधी फरक दिसत नाही. तेवढा थांबा प्रेक्षकाला पुरतो.

६ जुलै

पत्र चुकीच्या तळवड्यात गेलं. पुढे काय? इथे संहितेत पहिल्या खर्ड्यात चूक होती. त्यात पत्रं राजापूरच्या एका फडताळात पडून राहिली होती. टपालाची पद्धत तशी नाही. घेणारा सापडला नाही की पत्र काही दिवस ठेवून घेतात, मग शेरा मारून पाठवणाऱ्याकडे परत धाडतात. आंतर्देशीयच्या पाठीवर पाठवणाऱ्याचा पत्ता लिहायला जागाच असते. तिथे पत्ता नसेल तर पत्र परत-पत्र कार्यालयात जातं आणि आत काही पत्ता मिळतो का हे बघायला तिथेच उघडलं जातं.

म्हणून आबांची पत्रं परत मुंबईत आली, डिलाईल रोडच्या खोलीवर. आबा तोवर भिवंडीला यंत्रमागावर लागले होते, पण कायमचा पत्ता म्हणून पाठीवर खोलीचाच पत्ता लिहायचे. खोली सांभाळणाऱ्या म्हाताऱ्याने आलेलं टपाल मंडळाच्या ट्रंकेत नीट ठेवलं. सुरक्षित ठेवलं, हे महत्त्वाचं. काळजीपोटी ठेवलेली वस्तूच सापडत नाही, हे प्रत्येक घराला ठाऊक आहे.

आईनेही दोन पत्रं मास्तरांकडून लिहून घेतली होती. ती गिरणीच्या पत्त्यावर गेली आणि गिरणीला टाळं होतं. मास्तरांनी पाठीवर पत्ता लिहिला नव्हता, त्यामुळे ती परतही आली नाहीत. ही दोन पत्रं नाटकात कधीच सापडत नाहीत. सापडवली असती तर हिशेब फार सरळ जुळला असता.

खोलीच्या पत्त्यात "मुंबई १३" असं लिहायचं. पिनकोड येण्यापूर्वीचा डिलाईल रोडचा हा आकडा. पुढे तोच ४०००१३ मध्ये शेवटी आला. सवय असलेला माणूस दहा वर्षांनीही "मुंबई १३" लिहील.

२० जुलै

पत्रांचा मजकूर. पहिल्या खर्ड्यातली पत्रं फार गोड होती: "तुझी आठवण येते", "तुझ्याशिवाय करमत नाही". सगळी काढून टाकली. कारण साधं आहे. आईला वाचता येत नाही. पत्र मास्तर किंवा पोस्टमन ओटीवर बसून मोठ्याने वाचणार, बाजूला सासरा आणि दीर असणार. हे माहीत असलेला नवरा त्यात काय लिहील? वर ॥ श्री ॥, "अनेक आशीर्वाद", "पत्र लिहिण्यास कारण की", मग पावसाची चौकशी, गाय व्याली का, थोरलीच्या शाळेची फी, आणि "कळावे". म्हणजे प्रेम लिहायला जागा उरते ती गायीच्या चौकशीत. हे एकदा पक्कं झाल्यावर पत्रं आपोआप चांगली झाली.

भाषा दोन थरांची ठेवली. बोलणं मालवणी, पत्र पुस्तकी. आबांनी शाळेत पत्रलेखनाचा जो नमुना घोकला होता त्याच्याबाहेर ते जात नाहीत. अकराही पत्रांत एकच वाक्य नमुन्यातून निसटतं आणि दर वेळी तेच, "कळावे"च्या आधी: "घराकडे येव काय? तसा कळव." उत्तर आलं नाही म्हणजे येऊ नको, असा अर्थ आबांनी घेतला आणि तीन वर्षं गेले नाहीत. आईने पत्रच नाही म्हणजे नवरा नाही, असा अर्थ घेतला आणि वेंगुर्ल्याला काजूच्या कारखान्यात बी सोलायला लागली. काजूच्या चिकाने बोटांची कातडी जाते. तिच्या हातांचा उल्लेख पहिल्या अंकात एकदा आहे, दुसऱ्यात तो उपयोगी पडेल.

रंगमंचावर तीनच पत्रं वाचली जातात. तरीही अकरा पूर्ण लिहायची. नटाच्या हातात कोरा कागद दिला की डोळे ओळींवरून फिरत नाहीत आणि तिसऱ्या रांगेतून ते दिसतं.

३ ऑगस्ट

तालुक्याच्या पोस्टातून आजची आंतर्देशीय पत्रं आणली, अडीच रुपयांची, ३० नग. छापील तिकिटाची किंमत १९८२ ला जुळत नाही हे उघड आहे. उपाय: तिकिटावर ठशाची गोल शाई पडू द्यायची. रंग आणि तीन घड्या ओळखीच्या असल्या की प्रेक्षक बाकीचं स्वतः भरतो.

ठसे: रबरी गोल शिक्का, व्यास सुमारे २८ मिमी, अक्षरं मुद्दाम अर्धवट उठणारी. खऱ्या टपाल कार्यालयाचा नाव-तारखेचा हुबेहूब शिक्का बनवायचा नाही, ते कायद्यात बसत नाही आणि इथे त्याची गरजही नाही. शेरा हाताने, लाल शाईत: "या नावाचा इसम गावात नाही, परत." अकराही शेरे एकाच हातचे असावेत, कारण गावचा पोस्टमन एकच. मात्र पहिला शेरा पूर्ण लिहिलेला, सातव्यापासून नुसतं "परत". लिहिणारा कंटाळलेला दिसला पाहिजे.

१० ऑगस्ट

कागद जुना करणं. चहाचा प्रयोग फसला. एक लिटर उकळत्या पाण्यात १० ग्रॅम चहा पावडर, गाळून गार करून त्यात पत्रं दोन मिनिटं बुडवली. पांढऱ्या कागदावर ही रीत उत्तम चालते. आंतर्देशीयचा कागद निळसर असतो. निळ्यावर चहाचा पिवळा-तपकिरी बसला की हिरवट रंग येतो. सहा पत्रं शेवाळासारखी दिसू लागली. शिवाय ओल्या कागदाची खळ धुऊन निघते, मग त्यावर फाउंटन पेनची शाई फुटते.

जे जमलं ते असं:
आधी ऊन. पावसाची उघडीप मिळेल तशी पत्रं काचेखाली ठेवून एकूण पंचवीस-तीस तासांचं ऊन दिलं. निळा रंग बराच उतरला. काच हवीच, नाहीतर कागद वळतो. मग कडा: कॉफीचं दाट पाणी जवळजवळ कोरड्या ब्रशने फक्त कडेला आणि घड्यांवर. घडीच्या रेषेवर २२० नंबरचा सँडपेपर दोनदाच हलका. तिसऱ्यांदा घासलं की कागद तिथेच फाटतो.

लिहायचं शेवटी, बॉलपेनने. त्या काळात बॉलपेन सर्रास होतं आणि घामाच्या हाताने पुसलं जात नाही. दोन पत्रं मात्र शाईच्या पेनने लिहून त्यावर पाण्याचे दोन थेंब टाकले, खोलीच्या गळक्या छपराचे. ते अश्रूंचे डाग वाटू नयेत म्हणून थेंब पत्त्याच्या बाजूला, मजकुरावर नाहीत.

कसर लागल्याच्या खुणा: कसर कागदाचा वरचा पापुद्रा खरवडून खाते, आरपार गोल भोकं पाडत नाही. भोकं पाडलेली तीन पत्रं बाद केली. चाकूच्या पात्याने कडेला वेडंवाकडं खरवडलं की बरोबर दिसतं.

१७ ऑगस्ट

मनिऑर्डरची पोच. ही कल्पना संहितेत उशिरा आली आणि आता नाटक तिच्यावर उभं आहे.

मनिऑर्डर फॉर्मला एक भाग असा असायचा की पैसे घेणाऱ्याची सही किंवा अंगठा त्यावर घेऊन तो पाठवणाऱ्याकडे परत जायचा. अंगठा असेल तर शेजारी साक्षीदाराची सही. म्हणजे संपाआधी दर महिन्याला आईचा जांभळा अंगठा आबांना मुंबईत मिळत होता. फेब्रुवारी १९७९ ते जानेवारी १९८२, ३६ पोचा. आबांनी त्या बिस्किटाच्या डब्यात जपल्या आहेत. दोघांमधला पत्रव्यवहार खरा हाच: इकडून पैसे, तिकडून अंगठा. संपात पगार थांबला, मनिऑर्डर थांबली, अंगठाही थांबला.

(कागदी मनिऑर्डर २०१५ मध्ये बंद झाली. विशीतल्या कलाकारांना पोच म्हणजे काय हे समजावून सांगावं लागलं. प्रेक्षकांतल्या तरुणांसाठीही ते संवादात यायला हवं. नातीच्या तोंडी एक प्रश्न घातला आहे, आबांच्या तोंडी दोन ओळींचं उत्तर.)

तयारी: जाड पिवळट कागदाचे ३६ तुकडे, पोस्टकार्डापेक्षा लहान. अंगठे ३६ही आईची भूमिका करणाऱ्या बाईंचेच. एकच ठसा छापून चालणार नाही, खरा अंगठा दर वेळी वेगळा उठतो: कधी तिरका, कधी शाई जास्त. शेवटच्या दहा पोचांवर अंगठा अधिक स्पष्ट, कारण तोवर आई पोस्टमनसमोर बिचकेनाशी झालेली असते. हे कुणाला दिसणार नाही. तरीही तसंच करायचं.

२४ ऑगस्ट

पत्रं चिकटली. डिंकाच्या कडा असलेली १४ पत्रं प्लास्टिकच्या पिशवीत ठेवली होती. चार दिवस संततधार आणि हवेतल्या दमटपणाने डिंक सुटून सगळा गठ्ठा एक झाला. सुरीने सोडवताना पाच फाटली. आता प्रत्येक दोन पत्रांत बटर पेपर, डबा पत्र्याचा घट्ट झाकणाचा, आत सिलिका जेलच्या ५० ग्रॅमच्या दोन पुड्या. पुडीतल्या दाण्यांचा रंग बदलला की मंद आचेवर तव्यावर परतून पुन्हा वापरायच्या.

या अपघाताने एक प्रश्न सुटला. ट्रंकेतली पत्रं गठ्ठ्याने चिकटलेलीच निघतील. नातीला ती हलक्या हाताने एकेक सोडवावी लागतील आणि आई दुरून बघत राहील. ते दीड मिनिट संवादाविना ठेवलं.

२७ ला गणपती. तोवर काम बंद, चाकरमानी येतील. त्यांच्यातल्या जुन्या गिरणी कामगारांना खोलीचा प्रवेश वाचून दाखवायचा.

१४ सप्टेंबर

वाचन झालं. तीन दुरुस्त्या, तिन्ही मोलाच्या. एक: खोलीत प्रत्येकाची ट्रंक वेगळी असते, मंडळाची वेगळी; मंडळाच्या ट्रंकेची किल्ली एकाकडेच. त्यामुळे आबांना पत्रं का दिसली नाहीत हे आता पक्कं बसतं. दोन: जेवण खाणावळीतलं, खोलीत चूल दाखवू नका. तीन: संपाच्या दुसऱ्या वर्षी लोक पत्र लिहायलाच लाजत, कारण लिहिण्यासारखं काही नसे. म्हणून अकरा पत्रांतलं अंतर बदललं. पहिली सात १९८२ च्या फेब्रुवारी ते जूनमधली, पुढची चार वर्षभरात विखुरलेली. शेवटच्या पत्रात गायीची चौकशी नाही. फक्त आशीर्वाद, ते एक वाक्य आणि कळावे.

५ ऑक्टोबर

संहितेच्या दोन स्वच्छ प्रती रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे मंजुरीसाठी पाठवल्या. मालवणी शब्दांचा अर्थ समासात दिला आहे.

नेपथ्य. रंगमंच २४ फूट रुंद, १६ फूट खोल. उजवीकडे माजघर, डावीकडे पडवी, मध्ये उंबरठा. भिंत दाखवायची नाही, नुसता उंबरठा. आठ बाय चारच्या सहा चौकटी, बांबूच्या, त्यावर गोणपाट. चिऱ्याचा भास आणायला आधी काव आणि पिवळी माती डिंकाच्या पाण्यात कालवून सपाट हात, तो वाळला की काथ्याच्या बोळ्याने गडद ठिपके. चिरा सच्छिद्र असतो, म्हणून रंग पुसत नाही, टिपत न्यायचा.

वारा हा इथला मोठा शत्रू. गोणपाटाची चौकट शिडासारखी वारा धरते. प्रत्येक चौकटीला मागून तिरका टेकू आणि पायाशी २५ किलो वाळूची गोण. दिवसाचा खारा वारा सूर्यास्तानंतर पडतो, त्यामुळे प्रयोगाला त्रास कमी. उभारणी मात्र दुपारी होते आणि चौकटी तेव्हाच पडतात. वरच्या भागात गोणपाटाला मुठीएवढ्या फटी ठेवल्या, वारा निघून जातो.

२६ ऑक्टोबर

दोन चुली. मातीच्याच, पण जाळ खरा नाही. उघड्या मंचावर गोणपाटाजवळ जाळ पेटवणं धोक्याचं. प्रत्येक चुलीत ४० वॅटचे दोन साधे पिवळे बल्ब, वर खापराचे तुकडे आणि केशरी जिलेटिनचा पारदर्शक कागद. जिलेटिन बल्बपासून चार इंच दूर, नाहीतर वितळतं. एलईडी बल्ब आधी लावून पाहिले. डिमरवर ते एका टप्प्याला अचानक विझतात, निखाऱ्यासारखे मावळत नाहीत. दोन चुलींना दोन वेगळे डिमर. धुरासाठी धुपाटण्यात थोडा धूप, तोही फक्त पहिल्या प्रवेशात.

पहिल्या अंकात दोन्ही चुली पेटत्या. दुसऱ्या अंकाच्या शेवटच्या प्रवेशात आबांची चूल पेटतच नाही. संवादात त्याबद्दल एक अक्षर नाही.

९ नोव्हेंबर

कापणी संपली, तालमी रोज संध्याकाळी सात ते दहा.

पत्र फोडण्याची क्रिया बसत नाहीये. आंतर्देशीय तिन्ही कडांनी चिकटलेलं असतं. घाईने फाडलं तर मजकुराची कड जाते, हे पूर्वी सगळ्यांना माहीत होतं. आता हाताला ती सवय नाही. पहिल्या दिवशी चार पत्रं वाया गेली. उपाय: कडेला सलग खळ न लावता तीन ठिपके, तांदळाच्या पातळ पिठाचे, प्रयोगाच्या दोन तास आधी. नातीने केसातला आकडा काढून कडेतून सरकवायचा. आकडा आजीच देते. ही कृती आजीला येते, नातीला नाही. वाचायला नातीला येतं, आजीला नाही.

प्रत्येक प्रयोगाला तीन पत्रं फुटतात. रंगीत तालीम एक आणि प्रयोग दोन, म्हणजे नऊ, जास्तीची सहा. न फुटणारी आठ कायमची, म्हणजे एकूण २३ हवीत. जितकी कमी पडतात, ती आजच करायला घेतली.

१६ नोव्हेंबर

शेवट. तीन वेळा बदलला.

पहिला: आई रडते, आबा माफी मागतात. चाळीस वर्षं न बोललेली माणसं दोन मिनिटांत इतकं बोलत नाहीत. दुसरा: नात दोघांचे हात एकमेकांच्या हातात देते. नातीला तो अधिकार नाही. दोघं आपापल्या चुलीपाशी परत जातात असाही एक शेवट करून पाहिला. तो खरा वाटतो, पण मग प्रेक्षकाला आणि त्या दोघांना ट्रंक उघडून काय मिळालं?

आता असा आहे. नात तिसरं पत्र वाचते. ती ते वाक्य प्रमाण मराठीत दुरुस्त करून वाचते: "घराकडे येऊ का?" आई तिला थांबवते. "तसा नाय. परत वाच. लिवलाहा तसा वाच." नात वाचते: "घराकडे येव काय?" आई उठते, पेज वाढते, दुसरी जर्मनची ताटली घेते, तीतही वाढते. पाट मांडते, आपल्या चुलीशेजारी. उंबरठ्यापलीकडे आबा पाठमोरे बसलेले आहेत. ती एकच शब्द म्हणते: "येवा."

तो शब्द मोठ्याने म्हणायचा नाही, लांबवायचा नाही. रोज जेवायला हाक मारावी तसा. तालमीत बाईंनी पाचव्या वेळी तो तसा म्हटला आणि मग सगळे बराच वेळ गप्प होते. त्यानंतर त्या दिवशी पुन्हा करायला लावलं नाही.

आबा उठून उंबरठ्यापर्यंत येतात. ओलांडतात की नाही ते दिसण्याआधी उजेड मावळतो, असं एक मत होतं. नको. ओलांडू दे. लोक दीड तास त्यासाठी बसलेले असतात, त्यांना ते बघायला मिळालं पाहिजे.

पेज खरी हवी, उकड्या तांदळाची, एक वाटीला आठ वाटी पाणी. एक लिटरच्या स्टीलच्या थर्मासमध्ये उकळती भरली तर पावणेदोन तासांनीही वाफ देते. वाफ दिसायला मागून उजेड लागतो, समोरून दिसत नाही. टोपाच्या आत थर्मास बसवला. पाट मांडल्याचा आवाज चटईवर येत नाही, म्हणून चटईखाली त्या जागी फळी.

३० नोव्हेंबर

रंगीत तालीम शुक्रवारी, पहिला प्रयोग काल झाला.

वीज: हजार वॅटचे चार हॅलोजन म्हणजे २३० व्होल्टला साडेसतरा अँपियर, त्यात आठ एलईडी पार दिवे, त्यांचे आणखी पाच. रंगीत तालमीत देवळाच्या जोडणीवर दाब १९० पर्यंत उतरला आणि हॅलोजन पिवळे पडले. दाब थोडा उतरला तरी हॅलोजनचा उजेड बराच उतरतो. प्रयोगाला दोन हॅलोजन काढले, बाकीचा भार १५ केव्हीएच्या जनरेटरवर टाकला, तारा अडीच चौरस मिमीच्या. जनरेटर देवळामागे ६० फुटांवर. त्याचा आवाज पडवीच्या बाजूला अजूनही येतो.

ध्वनी: टांगलेले माइक पहिल्या अंकात वाऱ्याचा आवाज घेत होते. स्पंजच्या टोप्यांवर आणखी एकेक सुती मोजा चढवला, फरक पडला.

गठ्ठा सोडवण्याच्या दीड मिनिटाला प्रेक्षक शांत होते. पोचांच्या प्रवेशाला मागच्या रांगांतून म्हाताऱ्यांचा आवाज आला, "अंगठो, अंगठो." नातीचा प्रश्न आणि आबांचं उत्तर त्यामुळे ऐकू आलं नाही. तिथे तीन सेकंद थांबायला सांगितलं आहे.

चूक: "या नावाचा इसम गावात नाही" हा शेरा नातीने वाचल्यावर काही जण हसले. आई गावात उभी आहे आणि कागद ती नाही म्हणतो, म्हणून हसू येतं. ते हसू तोडायचं नाही, पण त्यानंतर आईने लगेच बोलू नये. आपलं नाव पत्त्यावर कुठे आहे ते तिने बोटाने विचारावं आणि नातीने तिचं बोट तिथे ठेवावं. काजूच्या चिकाने गुळगुळीत झालेलं बोट. पहिल्या अंकातला हातांचा उल्लेख इथे कामी येतो.

७ डिसेंबर

दुसरा प्रयोग, शेजारच्या गावी, शाळेच्या पटांगणावर. मंच २० फुटांचा, म्हणून माजघर दोन फूट आणि पडवी दोन फूट आत घेतली. उंबरठा हलवला नाही.

दवाने गोणपाट ओलं झालं, काव खालच्या कडेला उतरली. पुढच्या वेळी डिंकाऐवजी फेविकॉल, एक भागाला सहा भाग पाणी.

बोटाचा बदल बसला. तीन सेकंदांचा थांबाही.

पेजेचा थर्मास टोपात तिरका झाला आणि पेज ओतताना आईच्या मनगटावर सांडली. भाजलं नाही, पण थर्मासला खाली कापडाची चुंबळ हवी. आबांनी हे उंबरठ्यापलीकडून पाहिलं आणि "येवा" येण्याआधीच अर्धे उठले. ते तसंच ठेवायचं का, यावर बुधवारी बोलायचं.

शिल्लक: फोडायची पत्रं सहा, न फुटणारी आठ, पोचा ३५. एक पोच पटांगणावर पडली असावी. सकाळी शाळेत जाऊन शोधायची. सापडली नाही तर नवी करताना अंगठा बाईंचाच घ्यायचा.